वैनगंगा, व्हाया कॅलिफोर्निया

"कुठली तू?"

"गोरेगावची."

"ओह! ईस्ट की वेस्ट?"

ऑफिसात नवीन जॉइन झालेल्या प्रत्येकाशी माझं हे संभाषण एकदा तरी होतंच. पुण्यात येऊन सहा वर्षं झाली, उत्तर आता तोंडपाठ आहे. "ईस्ट," मी सांगते. "इतकं ईस्ट, की सीएसएमटीला संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसायचं, रात्रभर झोपायचं, सकाळी नागपूर आलं तरी उतरायचं नाही. गाडी जिथे संपते त्या गोंदियाला उतरायचं आणि मग एसटी धरायची. ते गोरेगाव."

समोरचा हसतो. मग पुढचा प्रश्न येतो. "म्हणजे जंगल वगैरे? वाघ बघितलायस?"

इथे मी खोटं बोलते. "हो, मग!" म्हणते. "नागझिरा आमच्या तालुक्याला लागून आहे. वाघ काय, रोजचेच."

खरं सांगू? मी आजवर एकही वाघ बघितलेला नाही. बिबट्याही नाही. दहावीनंतर नागपूर, मग पुणे. जंगलाच्या गेटपर्यंत गेले ते शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा मागच्या सीटवर अंताक्षरी खेळत होते. पण कॅन्टीनमध्ये हे कोण सांगणार? एका चहाच्या कपावर वाघाचे दोन किस्से खपतात, तर खपवायचे. ते किस्से माझ्या आबाजींचे. मी फक्त 'आबाजी' काढून तिथे 'मी' घालते.

ही छोटीशी लबाडी पकडली गेली ती एका ऐंशी वर्षांहून जुन्या सिनेमामुळे. तीच गोष्ट आज.

आमच्याकडे महिन्यातून दोन शुक्रवारी कॉन्फरन्स रूममध्ये सिनेमा असतो. प्रोजेक्टर कंपनीचा, पिझ्झा कॉन्ट्रिब्युशनचा. या वेळची थीम एचआरने ठरवली होती : पुस्तकांवरून काढलेले जुने हॉलिवूडपट, आणि तेही आदल्या शतकातल्या गोष्टींचे. घोडागाड्या, मेणबत्त्या, घेरदार झगे. पहिल्या शुक्रवारी १९४० चा 'प्राइड अँड प्रेजुडिस' झाला. जेन ऑस्टेनच्या कादंबरीतल्या काळात झगे साधे, सरळ पडणारे होते. पण पडद्यावर ते भरीव दिसेनात, म्हणून स्टुडिओने गोष्टच काही वर्षं पुढे ढकलली आणि घेर वाढवला. आमच्या क्लायंट सर्व्हिसिंगच्या मुलीला हे फारच पटलं. "क्लायंटला लोगो मोठा हवा असतो, तसंच हे," म्हणाली.

दुसऱ्या शुक्रवारी 'गॉन विथ द विंड'. जवळपास चार तास! दोनदा पिझ्झा मागवावा लागला. मार्गारेट मिचेलची कादंबरी १९३६ ची, सिनेमा १९३९ चा. स्कार्लेट झालेली व्हिव्हियन ली जन्मली आपल्या दार्जिलिंगमध्ये. ज्या 'तारा' नावाच्या घरासाठी आणि लाल मातीसाठी स्कार्लेट एवढा जीव टाकते, ते घर जॉर्जियात नव्हतंच. कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत स्टुडिओच्या आवारात उभा केलेला नुसता दर्शनी भाग होता तो.

आणि या सिनेमाचा प्रीमियर डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटाला झाला, तेव्हा त्यात मॅमीचं काम करणारी हॅटी मॅकडॅनियल तिथे नव्हती. त्या राज्यात काळ्यांनी गोऱ्यांबरोबर बसायचं नाही असा कायदा होता. पुढच्या फेब्रुवारीत तिला ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. पण त्या समारंभातही तिला टेबल दिलं ते बाजूचं, वेगळं. कापसाच्या त्या मळ्यांची गोष्ट कोणाला खरी ठाऊक असेल, तर राबणाऱ्यांच्या नातवंडांना. पण गोष्ट सांगायला बसले दुसरेच. त्या रात्री ही बाब मी "इंटरेस्टिंग!" म्हणून सोडून दिली होती.

तिसरा शुक्रवार माझा होता. लोक चार तासांनी दमलेले. मला काहीतरी आटोपशीर हवं होतं. शिवाय ऑफिसात भाव खायची संधीही सोडायची नव्हती. म्हणून मी निवडला 'जंगल बुक'. डिस्नेचं कार्टून नाही, १९४२ चा, माणसांचा. पावणेदोन तासांत खेळ खलास. आणि घोषणा करून टाकली, "मंडळी, हा माझ्या गावाकडचा सिनेमा आहे."

ही मात्र थाप नव्हती. लहानपणी दूरदर्शनवर जपानी कार्टूनमधला मोगली बघितलेल्या, गुलजारांचं शीर्षकगीत अजून गुणगुणणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतं की मोगलीचं जंगल ही कुठली काल्पनिक जागा नाही. किप्लिंगच्या पुस्तकातले लांडगे सिवनीच्या डोंगरातले. सिवनी मध्य प्रदेशात, आमच्या गोरेगावापासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. मोगली ज्या नदीत डुंबतो ती वैनगंगा. तीच वैनगंगा, जी सिवनीत उगम पावते, बालाघाटवरून आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या कडेला येते, काही अंतर दोन राज्यांमधली सीमाच होते, मग भंडारा, पवनी करत गडचिरोलीकडे जाते आणि वर्धा नदीला भेटून प्राणहिता होते. आमच्या तालुक्यातून वाहणारी चुलबंदसुद्धा शेवटी तिलाच मिळते. मोगलीची आई जिवाच्या भीतीने ज्या खान्हिवाऱ्याला पळते ते कान्हीवाडा आजही सिवनी जिल्ह्याच्या नकाशावर आहे. किप्लिंगने लिहिलं तेव्हा तर सिवनी आणि आमचा भंडारा जिल्हा दोन्ही एकाच सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्ये होते आणि राजधानी नागपूर. (गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १९९९ मध्ये.)

इतकंच काय, दुसऱ्या 'जंगल बुक'मध्ये, म्हणजे १८९५ च्या, एक जबरदस्त लढाई आहे. रानकुत्र्यांची टोळी लांडग्यांवर चालून येते आणि मोगली त्यांना वैनगंगेच्या कड्यावर मधमाश्यांच्या तोंडी देतो. हे रानकुत्रे येतात दख्खनमधून. सिवनीहून दक्षिणेकडे म्हणजे कुठे? आमच्याकडे! आणि नागझिरा आजही रानकुत्र्यांच्या टोळ्यांसाठी ओळखलं जातं. थोडक्यात, किप्लिंगच्या गोष्टीत आम्ही व्हिलनच्या साइडचे. मी हे सांगितल्यावर टाळ्या पडल्या. लाइट बंद झाले, सिनेमा सुरू झाला.

आणि दहाव्या मिनिटाला मागून आमचा आर्ट डायरेक्टर म्हणाला, "बॉस, हे तुमच्याकडचं वाटत नाही."

त्याचं बरोबर होतं. हिरवंगार, गच्च, वेलींनी भरलेलं, रंगांनी ओथंबलेलं टेक्निकलर जंगल. आमचं जंगल असं नसतं. आमच्याकडे साग, ऐन, तेंदू, मोह. उन्हाळ्यात पानं झडून रान उघडंवाघडं पडतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, तेवढाच काय तो टेक्निकलर. पडद्यावर दिसत होतं ते लॉस एंजेलिसजवळच्या लेक शेरवूडच्या परिसरात उभारलेलं रान. आधी तिथे रॉबिन हूडच्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं, म्हणून त्या भागाचं नाव शेरवूड. म्हणजे रॉबिन हूडच्या अंगणात मोगली!

निर्माता अलेक्झांडर कोर्डा, दिग्दर्शक त्याचा भाऊ झोल्टन, कलादिग्दर्शक तिसरा भाऊ व्हिन्सेंट. तिघेही हंगेरीचे. लंडनमध्ये त्यांचं चांगलं बस्तान होतं, पण दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि काम अमेरिकेत न्यावं लागलं. प्राण्यांमध्ये काही खरे आणणारे हे लोक, पण अजगर काआ मात्र बनावटी. छायाचित्रण, कलादिग्दर्शन, संगीत आणि स्पेशल इफेक्ट्स अशी चार ऑस्कर नामांकनं मिळाली, मिळालं एकही नाही.

मग मी इंटरव्हलमध्ये (आम्ही पाडलेल्या) किप्लिंगची बाजू सांगायला गेले आणि तिथे तर आणखीनच पंचाईत झाली. रुडयार्ड किप्लिंग जन्माने मुंबईकर. ३० डिसेंबर १८६५, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्म, वडील तिथे शिकवायचे. पण 'जंगल बुक' त्याने लिहिलं ते अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये. बायको तिकडची, म्हणून तिथे राहिला. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हा पठ्ठ्या आत बसून मे महिन्यातली आटलेली वैनगंगा लिहितोय. सिवनीला तो कधी गेलाच नव्हता. स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७७ मध्ये सिवनीवर एक पुस्तक लिहिलं होतं, ते आणि मित्रांकडून ऐकलेलं, बघितलेले फोटो, यांच्यावर त्याने हे सगळं उभं केलं.

"म्हणजे लिहिणाऱ्याने बघितलं नाही, शूटिंगवाल्यांनी बघितलं नाही," एचआर म्हणाली. "मोगली तरी इकडचा होता का?"

होता की! साबू. कर्नाटकातल्या करापूरचा, म्हैसूरच्या महाराजांच्या हत्तीखान्यातल्या माहुताचा पोरगा. 'एलिफंट बॉय'साठी (१९३७) त्याला शोधून काढलं, तिथून तो लंडनला आणि मग हॉलिवूडला गेला. 'जंगल बुक' आला तेव्हा अठरा वर्षांचा. काय चपळ दिसतो! झाडावरून असा सरसर उतरतो की आमचा जिमवाला अकाउंटंट गप्प झाला. साबू १९४४ मध्ये अमेरिकन नागरिक झाला, युद्धात बॉम्बर विमानाच्या शेपटीत बसून मशिनगन चालवली, शौर्यपदक मिळवलं. पण मोठा झाल्यावर हॉलिवूडला त्याचं काय करायचं ते कळेना. पगडी आणि लंगोटापलीकडच्या भूमिका मिळेनात. 'मदर इंडिया'तल्या बिरजूसाठी मेहबूब खानांनी त्याचा विचार केला होता, ते जमलं नाही आणि सुनील दत्तचं नशीब उघडलं. १९६३ मध्ये साबू गेला. वय एकोणचाळीस. एकाही भारतीय सिनेमात त्याचं काम नाही.

आणि गंमत बघा. १९४२ नंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी, २०१६ मध्ये पुन्हा मोठा 'जंगल बुक' आला. अब्जभर डॉलरच्या जवळपास धंदा केला, इफेक्ट्सचं ऑस्करही घेतलं. शूटिंग कुठे? पुन्हा लॉस एंजेलिस! या वेळी तर स्टुडिओच्या चार भिंतींत, निळ्या पडद्यापुढे. वैनगंगेला दुसऱ्यांदाही कोणी बोलावलं नाही.

हे सगळं मी तावातावाने सांगत होते. "आमच्या जंगलावर दुनिया पैसे कमावते आणि यायची तसदीसुद्धा कोणी घेत नाही," वगैरे वगैरे. चांगलीच रंगले होते.

तेव्हा फोन वाजला. बाबा.

आता थोडं मागे जाते.

गोरेगावापासून थोड्या अंतरावर, नागझिऱ्याच्या एका गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची तीन एकर धानाची शेती आहे. आबाजींनी केलेली. चार बांध्या, एक बोडी, धुऱ्यावर दोन मोहाची झाडं. मागे रान. नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, आणि गेटच्या रस्त्यावरच्या जमिनींचे भाव विचारायला गाड्या यायला लागल्या. तशीच एक पार्टी आमच्याकडेही आली. त्यांना रिसॉर्ट काढायचं आहे. भाव चांगला. बाबांचं वय झालं, रोवणीला माणसं मिळत नाहीत, पीक तयार झालं की रानडुकरं आणि चितळं येतात. भाऊ नोकरीला रायपूरला. बाबांनी निर्णय माझ्यावर टाकला, कारण घरात "शिकलेली" मी.

आणि मी हो म्हणायच्या बेतात होते. लपवून काय करायचं? मला वाकडला वन बीएचके बघायचाय. डाउन पेमेंटला बरोबर तेवढेच पैसे कमी पडतात, जेवढे माझ्या वाटणीला येणार.

आणखी एक गोष्ट, जी मी ऑफिसात कोणाला सांगितली नव्हती. त्या पार्टीला कळलं की मुलगी ॲड एजन्सीत कॉपी लिहिते. "मॅडम, मग ब्रोशर तुम्हीच लिहा ना," म्हणाले. वेगळे पैसेही कबूल केले. मी एका रविवारी दोन तासांत लिहून टाकलं. मोगलीच्या वैनगंगेकाठी उजाडणारी सकाळ, खोलीच्या खिडकीतून ऐकू येणारी डरकाळी, आबाजींचा वाघाचा किस्सा (हो, तोच), आणि "माझं बालपण ज्या जंगलात गेलं..." छापाचं एक पान. वैनगंगा आमच्या शेतापासून बरीच लांब आहे. डरकाळी मी यूट्यूबवर ऐकली आहे. पण कॉपी झकास झाली होती. मी स्वतःच दोनदा वाचली.

बाबांच्या फोनचा विषय हाच होता. पार्टी सोमवारी येणार, काय सांगू? मी म्हटलं, "रात्री करते फोन, आत्ता ऑफिसात सिनेमा लावलाय." आणि आत येऊन बसले.

या १९४२ च्या सिनेमाची जी गंमत आहे ती उत्तरार्धात. सिनेमा सुरूच होतो गावातल्या एका म्हाताऱ्या गोष्ट सांगणाऱ्यापासून. आलेली मेमसाहेब त्याला पैसे देते आणि तो जंगलाची गोष्ट सांगायला लागतो. तो म्हातारा म्हणजे बुलदेव. किप्लिंगच्या पुस्तकातही तो आहे : गावचा शिकारी, जुनी बंदूक बाळगणारा, संध्याकाळी झाडाखाली बसून जंगलाच्या थापा मारणारा. पोरं आ वासून ऐकतात. आणि मोगली, जो खरंच जंगलातून आलाय, तो तोंड लपवून हसतो.

सिनेमात पुढे मोगली आणि बुलदेवची पोरगी जंगलात एका पडक्या महालात शिरतात. तिथे खजिना आहे आणि राखणीला म्हातारा नाग. या सोन्यात मरण आहे, असं तो बजावतो. पोरगी एकच नाणं घरी आणते, बापाच्या ते नजरेला पडतं, आणि संपलं! बुलदेव, गावचा पंडित आणि न्हावी, तिघे मोगलीच्या मागावर जातात, सोनं उचलतात आणि परतीच्या वाटेवर एकमेकांच्या जिवावर उठतात. त्यांना वाघ मारत नाही. मोगलीही मारत नाही. शेवटी हात हलवत निघालेला बुलदेव रागाने जंगलालाच आग लावतो. वारा फिरतो आणि आग गावावर येते. मोगली हत्ती घेऊन आईला वाचवतो, पण गावात राहत नाही. परत रानात जातो.

आणि शेवटी आपण पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे येतो. मेमसाहेब विचारते, पुढे काय झालं, तुम्ही त्या आगीतून कसे सुटलात? ती वेगळीच गोष्ट आहे, असं म्हणून तो विषय टाळतो. ज्याने जंगल जाळलं, तोच आता जंगलाच्या गोष्टी विकून पोट भरतोय.

लाइट लागले. लोक पिझ्झ्याचे खोके गोळा करायला लागले. मला मात्र खुर्चीतून उठवेना.

कारण पावणेदोन तास मी हिशोब मांडत होते की कोणी कोणी आमचं जंगल न बघता विकलं. व्हरमाँटचा किप्लिंग, हंगेरीचे कोर्डा, २०१६ चे कॉम्प्युटरवाले. त्या यादीत शेवटचं नाव माझं होतं. आणि त्या बाकीच्यांकडे निदान सबब तरी होती. ते लांबचे होते. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर.

जन्माने काही होत नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. किप्लिंग मुंबईत जन्मला म्हणून त्याला वैनगंगा कळली असं नाही. आणि उलट बाजूला मारुती चितमपल्ली. सोलापूरचा माणूस. वनखात्याच्या नोकरीत आमच्या नवेगावबांधला आला आणि पक्षी, झाडं, तळी, ढीवर, गोंड अशा सगळ्यांकडून शिकत राहिला. 'नवेगावबांधचे दिवस' मी अकरावीत वाचलं होतं आणि खजील झाले होते : बाहेरून आलेल्या माणसाला आमच्या बोलीतली पाखरांची नावं ठाऊक, आणि मला एकाचंही नाव सांगता येत नव्हतं. २०२५ मध्ये चितमपल्ली गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. ऑफिसच्या ग्रुपवर मी श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, "आमच्या भागाचे" म्हणून. तिलाही साठ लाइक्स मिळाले होते.

रात्री बाबांना फोन लावला. म्हटलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं ते सांगा. विकायची का?"

"मले काय वाटते ते कायले विचारतेस, बाई?" बाबा म्हणाले. "धान रानडुकरं खातेत. पैसे निदान माणसं खातीन."

मी हसले. मग विचारलं, "आबाजींनी वाघ बघितला होता ना, बोडीवर? तो किस्सा नेमका काय होता?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग बाबांनी सांगितला. आणि तो किस्सा मी इतकी वर्षं सांगते तसा नव्हताच! माझ्या व्हर्जनमध्ये आबाजी मचाणावर, खाली वाघ, नजरानजर, डरकाळी, अंगावर काटा. बाबांच्या व्हर्जनमध्ये आबाजी पहाटे बोडीवर बैल पाण्यावर घेऊन गेले, पलीकडच्या काठावर वाघ पाणी पीत होता. आबाजी थांबले. वाघाने मान वर करून बघितलं, पुन्हा पाणी प्यायला. पिऊन झाल्यावर निघून गेला. मग आबाजींनी बैलांना पाणी पाजलं. बस्स.

"मग? घरी येऊन काय म्हणाले?"

"काय म्हणतीन? म्हणे, त्याचा नंबर पयला होता."

मी काही बोललेच नाही. बाबाच म्हणाले, "तुमी लोक पैसे देऊन वाघ पाहाले येता. आमाले तो फुकटात दिसे, त आमी कोणाले सांगत नोहतो."

सोमवारी काय झालं ते सांगते, पण फार मोठं काही झालं असं समजू नका. मी ते ब्रोशर मागे घेतलं. पार्टीला फोन करून सांगितलं की यातलं अर्धं खोटं आहे आणि उरलेलं माझं नाही. ते म्हणाले, "मॅडम, ब्रोशरमध्ये खरं कोण लिहितं?" प्रश्न रास्त होता आणि माझ्या पोटापाण्याचाही होता. तरी म्हटलं, वापरू नका. कबूल केलेले पैसे अर्थातच गेले.

जमिनीचं अजून ठरलेलं नाही. विकायची नाही, असं मी पुण्यात एसीत बसून ठणकावून सांगणं म्हणजे आणखी एक थाप झाली असती. रोवणीला चिखलात मी उतरत नाही, रात्री डुकरं हाकायला मी जात नाही. त्या कंबरदुखीचा भाव काय, हे बाबांनी ठरवायचं. मी एवढंच सांगितलं की माझ्या फ्लॅटचा हिशोब यात धरू नका, आणि घाईने सही करू नका, दिवाळीला मी येते, मग बसू. बाबा म्हणाले, "ये. धान कापणीले येशीन त कामात बी येशीन."

गेले होते मी. चांगले नऊ दिवस. दोन दिवसांत हाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी बाबांनी विळा काढून घेतला आणि चहा करायला पाठवलं. पण पहाटे रोज बोडीवर जात होते. वाघ दिसला नाही. चितळं दिसली, आमचंच धान खाताना. एका सकाळी पलीकडच्या काठावरच्या ओल्या मातीत एक ठसा दिसला, तळहाताएवढा. बाबांना बोलावून दाखवला. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "असंन." बैलांना पाणी पाजायला पुढे गेले. आहे की नाही, कोणाचा, कधीचा, काही नाही. नुसतं "असंन".

मी फोटो काढायला मोबाइल बाहेर काढला होता. तो तसाच परत खिशात टाकला.

परवा ऑफिसात एक नवीन मुलगा जॉइन झाला. चहाच्या मशीनपाशी भेटला. "कुठली तू?" "गोरेगावची." "ईस्ट की वेस्ट?" मी विदर्भ एक्सप्रेस, एसटी, सगळं नेहमीचं सांगितलं. तो हसला. मग आला तो प्रश्न. "वाघ बघितलायस?"

"नाही," मी म्हटलं. "आबाजींनी बघितला होता."

"मग सांग ना!"

सांगितलं. जसा होता तसा, बैल, बोडी, पाणी आणि नंबर. मशीनपाशी दोघं-तिघं अजून थांबले होते. सांगून झालं तेव्हा कोणी "वॉव" म्हटलं नाही. तो मुलगा कप हातात धरून थोडा वेळ उभा राहिला आणि मग मशीनपुढून बाजूला झाला.

"जा," म्हणाला. "तुझा नंबर पहिला होता."